भंगार कोणाला म्हणता?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील आमच्या घराच्या पडवीत गेल्या उपवासकाळापासून एक क्रूसमूर्ती भिंतीला टेकून उभी आहे. तिची जागा खरे तर ही नव्हे. आमच्या परिचयातील एका ख्रिस्ती तरुणाने ती एका धर्मग्रामातील ख्रिस्तमंदिरासाठी घडवली होती. क्रुसाच्या वाटेची भक्ती चालते ते चाळीस दिवस ती तिथे असावी, नंतर आपण ती परत न्यावी, एवढीच त्याची विनंती होती. या तरुणाचे वडील आयुष्यभर यंत्रमागावर राबले. कारखाना बंद पडला, माग वजनावर विकले गेले, आणि त्यांतले काही भाग मुलाने भंगाराच्या दुकानातून किलोच्या भावाने परत विकत आणले. त्या भागांतून ही मूर्ती उभी राहिली. क्रुसाचे दोन्ही दांडे मागाच्या सांगाड्याच्या लोखंडाचे आहेत. ख्रिस्ताचे हात म्हणजे दोन धोटे, वर्षानुवर्षे इकडून तिकडे धावून गुळगुळीत झालेले. काट्यांचा मुकुट फणीच्या तारांचा. आणि धड जकार्डच्या पुठ्ठ्यांचे, अंगभर भोके असलेले.

मंडळाची बैठक झाली. ती सभ्यपणे झाली, हे मुद्दाम नमूद करतो. त्या मुलाचा कोणी अपमान केला नाही. त्याला चहा दिला, त्याच्या कष्टांचे कौतुक केले आणि सांगितले, "बाळा, हे सगळं ठीक आहे, पण भंगार वेदीजवळ कसं ठेवायचं? लोक काय म्हणतील?" पुढे पंधरवड्यातच त्याच ख्रिस्तमंदिरात फायबरची एक नवी मूर्ती आली. छापील पुस्तकातले चित्र पाहून मागवलेली. गोरा वर्ण, निळसर डोळे, गुलाबी गाल आणि जखमांवर चकचकीत लाल रंग. एकाच साच्यातून निघालेली तिची भावंडे देशात किती असतील, याची मोजदाद खुद्द कारखानदारालाही नसावी. तिच्यासाठी वर्गणी जमली, हार आले, छायाचित्रे निघाली. हे धर्मग्राम कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ते सोलापुरातले नव्हे, इतकेच सांगून ठेवतो. वाचकहो, ते तुमचेही असू शकले असते, आणि आमचेही.

आमचा वाद त्या मंडळाशी नाही. त्यातील माणसे भली आहेत आणि देवघराची काळजी त्यांना मनापासून आहे. आमचा वाद आहे तो त्यांच्या तोंडून सहज निसटलेल्या एका शब्दाशी. भंगार कोणाला म्हणायचे? साच्यातून ओतलेली मूर्ती ती 'मूर्ती', आणि एका विणकराच्या हातांनी झिजवलेला धोटा ते 'भंगार', ही विभागणी कोणत्या कसोटीवर टिकते?

नवखे साहित्य आपल्याला चालत नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. फायबर म्हणजे तरी काय? काचेचे तंतू आणि रासायनिक राळ. विसाव्या शतकाच्या मध्यास हे साहित्य होड्यांच्या आणि मोटारींच्या बांधणीत आले आणि तिथून आपल्या वेदीवर चढले. त्याला आपण एका अक्षराने हरकत घेतली नाही. कारण त्याने लाकडाचे आणि संगमरवराचे सोंग घेतले होते. जुन्याचा देखावा करणारे नवे साहित्य आपल्याला चालते. स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या रूपात आलेले नवे साहित्य मात्र आपल्या डोळ्यांत खुपते. हा धार्मिक संकोच नव्हे, ही सवय आहे. आणि सवयीला श्रद्धेचे नाव देणे बरे नव्हे.

दगड, लाकूड आणि धातू एवढेच शिल्पाचे साहित्य, ही समजूत इतिहासाला धरून नाही. जुन्या गोव्यातील सेंट मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या हस्तिदंती मूर्ती पाहाव्यात. त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे हस्तिदंत येत असे आणि तो कोरणारे हात इथल्या कारागिरांचे असत. डोंगराच्या शेंड्यावर बसलेला बालमेंढपाळ येशू, त्याच्या पायथ्याशी कपारी, झरे आणि मेंढरे, अशी जी मूर्ती या कारागिरांनी घडवली, तिचा तयार नमुना युरोपातून आलेला नव्हता. समोर आलेल्या साहित्याशी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने संवाद केला. आज आपण त्या मूर्ती काचेच्या पेटीत ठेवून त्यांच्यापुढे थबकतो. पण त्यांच्या धाडसाचे वारस व्हायची वेळ आली की छापील पुस्तक उघडतो.

विसाव्या शतकात तर शिल्पाची ही कुंपणे पार मोडली. 1942 साली पिकासोने सायकलची बैठक आणि हँडल एकमेकांना जोडून बैलाचे मस्तक उभे केले. पाहणाऱ्याला एकाच क्षणी बैलही दिसतो आणि सायकलही दिसते. आपल्या मुंबईतही याच वाटेने चालणारी माणसे होती. आदी दाविएरवाला (1922–1975) हे मूळचे औषधनिर्माण क्षेत्रातले रसायनतज्ज्ञ. शिल्पकार पानसरे यांच्याकडे ते शिल्पकला शिकले, लाकडापासून सुरुवात केली आणि पुढे धातू, पारदर्शक प्लास्टिक, लोहचुंबक इथपर्यंत पोहोचले. ते पारशी होते, तरी क्रुसावरील ख्रिस्त हा विषय त्यांना आपला वाटला. पिलू पोचखानवाला (1923–1986) या जाहिरातीच्या क्षेत्रातून आलेल्या. कलाशाळेचे शिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. यंत्रांचे आणि जहाजांचे टाकाऊ तुकडे वेल्डिंगने जोडून त्यांनी शिल्पे रचली. मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात 1996 साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, त्यामागेही या बाईंचे परिश्रम होते. म्हणजे ज्या कलेला आपण आज 'नवीन फॅड' म्हणून झटकून टाकतो, ती आपल्या राज्यात दोन पिढ्यांपूर्वीच रुजली आहे. तिच्याशी आपलीच ओळख नाही.

सोलापूर हे सुताचे गाव. या गावाने निदान एका कलावतीचे नाव पाठ करावयास हवे. मृणालिनी मुखर्जी या 1949 साली मुंबईत जन्मल्या आणि बडोद्यास के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या. 1970 च्या दशकापासून त्यांनी रंगवलेल्या जाड दोऱ्यांना, सुतळीच्याच जातीच्या, हातांनी गाठी मारमारून माणसापेक्षा उंच आकृती घडवल्या. माग नाही, छिन्नी नाही, साचा नाही. एक गाठ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, असे महिनोन्महिने चाललेले काम. दोरी मूळची लोळागोळा. ती उभी कशी राहणार, हा प्रश्न त्यांनी गाठींच्या ताणाने आणि आतल्या आधाराने सोडवला. वळकट्या, घड्या, पाकळ्या असलेल्या त्या यक्षी आणि वनदेवता पाहताना देवळाच्या गाभाऱ्यात उभे असल्यासारखे वाटते. त्यांच्या हयातीत पुष्कळांनी या कामाला 'बायकांची हस्तकला' म्हणून बाजूला ठेवले. त्या 2015 साली निवर्तल्या, आणि 2019 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन मांडले. आपल्या घरातल्या आज्या-मावश्यांनी क्रोशाच्या सुईने वेदीवरची वस्त्रे विणली. त्या हातांतून शिल्पही निघू शकते, हे आपल्या ध्यानात कधी आले होते काय?

आणखी तीन उदाहरणे देतो. तिन्ही आपल्या जवळची आहेत. मुंबईच्या शर्मिला सामंत यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस शीतपेयाच्या बाटल्यांची टाकून दिलेली झाकणे एकमेकांत गुंफून एक साडी केली. तिला कोयऱ्यांची नक्षीही आहे. लांबून पाहणारा 'काय सुंदर साडी' म्हणतो, जवळ जातो आणि परदेशी पेयाचे नाव वाचून चपापतो. बाजार खुला झाल्यावर हातमागाच्या देशात काय घडत होते, ते त्या पत्र्याच्या पदराने सांगितले. शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते घडवली. टोपल्या आणि खुर्च्या विणायचा तो वेत. त्यातून स्त्रीच्या देहाला डोक्यापासून झाकणारे कवच. ते तिचे रक्षण करते आणि तेच तिचा पिंजराही होते. 2019 साली व्हेनिसच्या जागतिक कलामेळ्यात भारताच्या दालनात ही चिलखते होती. तिसरे प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळसाखाणीच्या गावी 1986 साली जन्मलेले. घरची माणसे खाणीत कामाला. त्यांनी हाती कोळसाच घेतला आणि भिंतीच्या भिंती भरून खाणकामगार उभे केले. कोणाच्या धडावर मस्तकाच्या जागी दिवा, तर कोणाच्या जागी हत्यार. जो कोळसा बापजाद्यांच्या फुप्फुसांत गेला, त्याच कोळशाने त्यांची आकृती काढली जात होती. तिथे रंगाची महागडी नळी वापरली असती तर चित्र कदाचित अधिक देखणे झाले असते, पण खरे झाले नसते.

आमचे म्हणणे या उदाहरणांत आले आहे. साहित्य नवे आहे म्हणून शिल्प मोठे होत नाही. साहित्य साक्षीदार असेल तर शिल्प मोठे होते. झाकणाने बाजार पाहिला आहे, कोळशाने खाण पाहिली आहे, धोट्याने विणकराची रात्रपाळी पाहिली आहे. संगमरवराला हे सांगता येणार नाही. त्याला सांगण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. कलावंताचे काम एवढेच की साक्षीदाराला बोलते करावे आणि आपण मध्ये फार बडबड करू नये.

या कसोटीची धार दुसऱ्या बाजूलाही आहे. भंगाराची शिल्पे ही आता सरकारी हौस होऊन बसली आहे. दिल्लीत 2019 साली 'वेस्ट टू वंडर' नावाचे उद्यान उघडले. टाकाऊ लोखंड आणि मोटारींचे सुटे भाग जोडून तिथे जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. श्रम पुष्कळ, कौशल्यही आहे. परंतु त्या लोखंडाला काय विचारले? तू कोणाच्या कामाचे होतेस, कोणाचा घाम तुझ्यावर सांडला, हे कोणी विचारले नाही. त्याला फक्त आयफेल मनोऱ्याचे सोंग दिले. फायबरने संगमरवराचे सोंग घ्यावे आणि भंगाराने आयफेलचे, यात तत्त्वतः अंतर काय? शहराशहरांतील चौकांत हल्ली नट-बोल्टांचे मोर आणि वाघ उभे राहत आहेत, त्यांतल्या पुष्कळांची गत हीच आहे. 'बघा, कशापासून केलंय!' एवढे एकच वाक्य ते बोलतात, आणि दुसऱ्या भेटीत त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही उरत नाही.

चंदीगडचे नेकचंद (1924–2015) हे या हौसेला उत्तर आहेत. रस्त्यांवर देखरेख करणारा हा साधा सरकारी नोकर. नवे शहर वसवताना जी गावे मोडली, त्यांच्या ढिगाऱ्यातून त्यांनी फुटक्या बांगड्या, बशांचे तुकडे, वाहनांचे भाग गोळा केले आणि 1957 पासून वर्षानुवर्षे गुपचूप एक बाग रचली. 1976 साली ती लोकांसाठी उघडली. पुढे 1990 मध्ये तिच्यातून रस्ता काढण्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा माणसे त्यांच्यापुढे साखळी करून उभी राहिली. मोडलेल्या गावांची स्मृती त्या काचांत होती, म्हणून लोक उभे राहिले. एरवी नट-बोल्टांच्या वाघासाठी बुलडोझरपुढे कोण उभे राहील?

आपल्या नाताळच्या गोठ्यांनाही ही कसोटी लावून पाहावी. गोठा हे आपल्या प्रत्येक कुटुंबाचे शिल्प आहे. वर्षातून एकदा तरी आपल्या घरातला प्रत्येक जण शिल्पकार होतो. एके काळी गवत, शेणमाती, बांबू, पोती, नाचणीचे हिरवे अंकुर यांतून गोठा उभा राही, आणि ते सारे साहित्य खरोखरच गोठ्यातले असे. मग थर्मोकोल आला. बेथलेहेमच्या डोंगरावर बर्फ पडू लागले. राज्य शासनाने 2018 साली सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांना 'आता गोठा कशाचा करायचा' असा प्रश्न पडला! दोन हजार वर्षांपूर्वी ज्याला सरायीत जागा मिळाली नाही, त्याच्यासाठी आपल्याला कारखान्यातला पांढरा फेस हवा होता. यानंतर स्पर्धा आल्या. कोणी प्लास्टिकच्या चमच्यांचा तारा करतो, कोणी काड्यापेट्यांचे बेथलेहेम. परीक्षक विचारतात, किती चमचे लागले? चमचाच का, हे मात्र कोणी विचारीत नाही.

आता मुख्य आक्षेप. वेदीजवळ जे ठेवायचे ते पवित्र हवे, टाकलेली वस्तू तिथे शोभत नाही, असे म्हटले जाते. असे म्हणणाऱ्यांनी राखेच्या बुधवारी आपल्या कपाळावर काय लावले जाते याचे स्मरण करावे. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या, मग घरात वर्षभर वाळलेल्या झावळ्या जाळून ती राख होते. वापरून झालेल्या वस्तूला पुन्हा अर्थ देणे हे ख्रिस्तसभेला शतकानुशतके ठाऊक आहे.

अलीकडची उदाहरणे हवी असतील तर तीही आहेत. 8 जुलै 2013 रोजी पोप फ्रान्सिस इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर गेले. आफ्रिकेतून निघालेल्या स्थलांतरितांच्या होड्या या बेटाजवळ फुटत होत्या आणि माणसे बुडत होती. पोपमहोदयांनी तिथे मिस्सा अर्पण केली, ती होडीच्या वेदीवर. हातातला दंड आणि प्याला होता तो फुटलेल्या होड्यांच्या लाकडाचा. तिथल्याच फ्रांचेस्को तुच्चो या सुताराने त्या होड्यांच्या फळ्यांचे क्रूस घडवले. त्यांतला एक 2015 साली ब्रिटिश म्युझियमने आपल्या संग्रहात घेतला. पुढे 19 डिसेंबर 2019 रोजी खुद्द व्हॅटिकनमध्ये एक क्रूस लावण्यात आला. पारदर्शक राळेचा क्रूस आणि त्यावर एक खरेखुरे, समुद्रात सापडलेले जीवरक्षक जाकीट. ते कोणाचे होते, हे कोणालाच ठाऊक नाही. त्या क्रुसावर ख्रिस्ताची आकृती नाही. रिकामे जाकीट आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांना ते भंगार वाटले नाही. आपल्या मंडळांना ते वाटले असते, अशी आम्हांला भीती वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसृत केला, त्यात पवित्र कलेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ख्रिस्तसभेने कोणतीही एक शैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, हे त्यात स्पष्ट केले आहे. प्रत्येक काळाच्या आणि प्रत्येक लोकसमूहाच्या कलेला, आदर राखून, वाव द्यावा असेही म्हटले आहे. त्याच प्रकरणात, सुमार आणि दिखाऊ कलाकृती देवाच्या घरातून दूर ठेवाव्यात, असाही निर्देश आहे. हा निर्देश धोट्याच्या क्रुसाला लागू पडतो की गुलाबी गालांच्या फायबरला, याचा निवाडा आम्ही वाचकांवर सोपवतो.

आपल्या समाजाने हा उशीर पूर्वीही एकदा केला आहे. गोव्याच्या सांतो एस्तेव्ह बेटावर 1902 साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले आणि त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली. स्वकीयांनीच नाके मुरडली. या माणसाने आयुष्याचा मोठा काळ पुण्याच्या ख्रिस्त प्रेमसेवा आश्रमाच्या आसऱ्याने, म्हणजे आपल्याच धर्मप्रांताच्या मुख्य शहरात, काढला. 1967 साली तो वारला, आणि त्याची चित्रे गोव्यातील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात पोहोचून त्यांचा गौरव होईपर्यंत पुढचे शतक उजाडले. तेव्हा साडी खुपत होती, आता धोटा खुपतो आहे. आपण पुन्हा पन्नास वर्षे थांबणार आहोत काय?

एक आक्षेप मात्र आम्ही आदराने ऐकतो. ही शिल्पे टिकत नाहीत, असे लोक म्हणतात. पुठ्ठ्याला कसर लागते, लोखंडाला गंज चढतो, वेत वाळतो. हे खरे आहे, आणि नव्या साहित्याच्या नावाखाली कच्चे काम खपवणाऱ्यांची आम्ही बाजू घेणार नाही. उलट, अनोळखी साहित्य दगडापेक्षा अधिक ज्ञान मागते. मागाचे पुष्कळ भाग बीडाचे असतात. बीड नेहमीच्या पद्धतीने वेल्डिंग केले तर जोडाशेजारी तडकते. ते आधी तापवावे लागते, निकेलची कांडी वापरावी लागते आणि जोड सावकाश निवू द्यावा लागतो. हे न जमणाऱ्याने सरळ भोक पाडून बोल्ट लावावा. आमच्या त्या तरुणाचे पहिले दोन जोड तडकले. तिसऱ्या वेळी त्याने एका जुन्या फिटरकडून हे शिकून घेतले. पुठ्ठ्यांना त्याने पातळ लाखेचा हात दिला आणि ते मूळच्या दोरीवरच ओवलेले ठेवले. हे तंत्र आहे, आणि तंत्र हीदेखील एक निष्ठा आहे. टिकाऊपणाचा प्रश्न तर प्लॅस्टरच्या मूर्तीलाही आहे. तिचा हात मोडला की आपण ती गुपचूप कोठीत ठेवतो आणि नवी मागवतो. दुरुस्त करण्याइतकी ओढ तिच्याविषयी आपल्याला कधी वाटलेलीच नसते.

जकार्डच्या पुठ्ठ्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत. 1804 च्या सुमारास फ्रान्सच्या लियों शहरात जोझेफ-मारी जकार याने हा माग सिद्ध केला. पुठ्ठ्याच्या एका पट्टीवरची भोके ठरवतात, कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा. एक पट्टी म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. अशा शेकडो पट्ट्या ओळीने ओवल्या की त्यांतून चादरीवर फूल उमटते, मोर उमटतो. पुढे याच कल्पनेने गणकयंत्रांच्या छिद्रपट्ट्या आल्या. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजीपर्यंत सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रमाग अजून चालतात, पण त्यांतलेही कित्येक दरवर्षी तोडले जातात, आणि संगणकावर चालणारे जकार्ड आल्यापासून हे पुठ्ठे रद्दीच्या भावाने जातात. या शहराने जगाला पांघरूण घातले. त्याच्या कामाची लिपी मात्र वाण्याच्या पुड्यांना जाते आहे.

ती लिपी वाचणारी माणसे अजून आहेत. आमच्या गल्लीत एक वयोवृद्ध तेलुगूभाषक गृहस्थ राहतात. त्यांचे आयुष्य या पुठ्ठ्यांना भोके पाडण्यात गेले. एका संध्याकाळी ते पडवीत आले, त्या मूर्तीपुढे उभे राहिले, आणि न सांगता त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. मग चष्मा लावून ख्रिस्ताच्या छातीवरची भोके बोटाने चाचपू लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "फुलाची चादर हाय की ही. काठ इकडल्या अंगाला." आणखी खाली बोट सरकले आणि थांबले. "हितं एक भोक चुकलंय. मीच चुकवलो असंन." आम्ही काही बोललो नाही. तेही बराच वेळ बोलले नाहीत. ते ख्रिस्ती नाहीत. समोर कोण आहे, ते मात्र त्यांनी नेमके ओळखले होते. उभ्या आयुष्यातली आपली चूक त्यांना त्या बरगड्यांवर सापडली, आणि ती सापडल्याचे त्यांना दुःख झाले नाही. चेहऱ्यावर हलकेपणा होता. फायबरच्या मूर्तीपुढे कोणाला स्वतःची चूक सापडल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या कुटुंबांत माग होता आणि आता तो विकला जाणार आहे, त्यांनी निदान एक धोटा, एक फणी आणि पुठ्ठ्यांची एक माळ घरात ठेवावी. आपल्या शाळांनी चित्रकलेच्या तासाला मुलांना एकदा तरी भंगाराच्या दुकानात न्यावे आणि 'ही वस्तू कोणाच्या हातची' एवढा एकच प्रश्न विचारायला शिकवावे. धर्मग्रामांनी येत्या नाताळात चमच्यांची संख्या मोजणाऱ्या स्पर्धा थांबवाव्यात, आणि वसईच्या माणसाने जाळ्याचा, सोलापूरच्या माणसाने सुताचा, चंद्रपूरच्या माणसाने कोळशाचा गोठा करून पाहावा. आणि कोणी तरुण आपल्या बापाच्या कामाचे तुकडे जोडून काही घेऊन आला, तर त्याला चहा देण्यापूर्वी त्याच्या कामापुढे दहा मिनिटे गप्प उभे राहावे. त्यानंतरही नको वाटले तर खुशाल नको म्हणावे. वाईट शिल्पाला नकार देण्याचा हक्क आम्ही कोणाचा हिरावून घेत नाही. न पाहता दिलेला नकार तेवढा आम्हांला मान्य नाही.

बांधणाऱ्यांनी जो दगड नापसंत केला त्याचे पुढे काय झाले, हे आपल्या लोकांना आम्ही सांगावयास नको. तो उपवासकाळ संपला, पास्खाचा सण झाला, पावसाळाही आला. पडवीत ओल येते म्हणून आम्ही ती मूर्ती दोन हात आत सरकवली आहे. ते वृद्ध गृहस्थ अधूनमधून येतात आणि पुठ्ठ्यांना कसर तर लागली नाही ना, हे पाहून जातात. येत्या उपवासकाळात तिला जागा देणारे एखादे धर्मग्राम असेल तर त्यांनी कळवावे. मूर्ती न्यायला टेम्पो लागेल. भाडे आम्ही देऊ.